कॉम्प्युटरची घरपोच सर्व्हिसिंग, अकोल्याच्या उन्हाळ्यात (वर्षभराच्या वहीसकट)

आधीच सांगून टाकते, ज्याच्या कामाबद्दल लिहितेय त्याचं नाव आणि नंबर इथे नाही. त्यानंच नको म्हटलं. एकटा पोरगा, एक स्कूटी, कौलखेडहून निघतो आणि दिवसाला चार घरं करतो. "काकू, पाचवं घर घेतलं का पहिल्याच्या शिव्या खा लागतात," हे त्याचं गणित. डाबकी रोडच्या आसपास राहत असाल तर झेरॉक्सवाल्यांना विचारा, त्यांच्यापैकी निम्म्यांची मशीनं तोच बघतो. बाकीच्यांना आपल्या गावात असा माणूस कसा ओळखायचा, तेवढं यातून मिळालं तरी पुष्कळ.

मी घरून डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर लावायचं काम, करते, अठरा वर्षं झाली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, पोरांचे प्रोजेक्ट, कधी कोणाचं वर्षश्राद्धाचं पत्र. डिझाइनचं कोरल आणि मराठी अक्षरांचं श्रीलिपी, या दोन सॉफ्टवेअरपलीकडे माझी दुनिया नाही. कॉम्प्युटर २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला आहे: इंटेलचा आय-५ ९४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोजसाठी २४० जीबीची एसएसडी आणि जुन्या कामांसाठी १ टीबीची हार्ड डिस्क. पत्रिकांसाठी हे मशीन आजही भरपूर आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण मधल्या काळात दोघातिघांनी मला "आता नवा घ्या" असं सांगून पाहिलं.

झालं असं. २०२५ चा एप्रिल संपत आला होता. अकोल्यातली लग्नसराई म्हणजे माझी सुगी. दुपारचे अडीच वाजलेले, बाहेर ४३-४४ अंश, खोलीत डेझर्ट कूलर घरघरतोय, समोर खुर्चीवर नवऱ्या मुलाचे काका बसलेले. मी पत्रिकेची शेवटची ओळ लावत होते, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" आणि "हं"वरचा अनुस्वार टाकायच्या आत स्क्रीन काळी. मी सवयीनं म्हटलं, गेली लाइट. काका वर बघून म्हणाले, "पंखा तं फिरून राहिला ना बाई." खरंच, पंखा सुरू, ट्यूबलाइट सुरू, कूलर सुरू. फक्त कॉम्प्युटर बंद. परत चालू केला, दहा मिनिटं चालला, परत बंद. त्या आठवड्यात असं सहा वेळा झालं, आणि दर वेळी बंद पडायच्या आधी आतला फॅन पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा.

आधी मी दुसऱ्या एकाला बोलावलं होतं. त्याचं दुकान मोठं, एसी लावलेलं. त्यानं माणूस पाठवला. माणसानं कॅबिनेट उघडलंच नाही. "मॅडम, कचरा फार झालाय," म्हणाला. मला वाटलं धूळ म्हणतोय. तो फाइलींबद्दल बोलत होता. त्यानं एक क्लीनर सॉफ्टवेअर टाकलं, वर्षाचं लायसन्स म्हणून पैसे घेतले, रॅम वाढवायचा सल्ला दिला आणि गेला. ते सॉफ्टवेअर रोज कॉम्प्युटर चालू झाल्या झाल्या सगळ्या ड्राइव्हचा स्कॅन लावायचं, वर एसएसडीचं डीफ्रॅगमेंटेशनही (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करायचं. म्हणजे दम लागलेल्या माणसाला रोज सकाळी जिना चढायला लावायचं, तसला प्रकार. आठवड्याला सहा वेळा बंद पडणारा कॉम्प्युटर दिवसाला सहा वेळा बंद पडू लागला.

तेव्हा एका झेरॉक्सवाल्या भावानं या पोराचा नंबर दिला. सोमवारी येतो म्हणाला, बुधवारी आला. ते मी तक्रारींत लिहीनच.

आल्यावर त्यानं स्क्रू ड्रायव्हर काढला नाही, हे मला पहिल्यांदा आवडलं. आधी प्रश्न. कधी बंद पडतो? सकाळी की दुपारी? बंद पडताना काय सुरू असतं? लगेच चालू होतो की थांबावं लागतं? मी सांगितलं, सकाळी सातला कधीच नाही, दुपारी जेवून आल्यावर हमखास. तो खाली बसला आणि टेबलाखालच्या कप्प्यात हात घातला. आपल्याकडची कॉम्प्युटर टेबलं तुम्हाला माहीत आहेत: सनमायका लावलेलं, सीपीयू ठेवायला बाजूला कप्पा, मागे प्लाय ठोकलेला, वायरींपुरतं एक गोल भोक. माझ्या टेबलाला तर कप्प्याला दारसुद्धा आहे, आणि धूळ जाऊ नये म्हणून ते मी कायम लावून ठेवायची.

भिंतीवर मेडिकलवाल्यानं दिलेलं, तापमापक असलेलं कॅलेंडर होतं. त्यानं ते काढलं. खोलीत ३६ दाखवत होतं. मग ते कप्प्यात ठेवलं, दार लावलं आणि म्हणाला, "चहा ठेवा काकू." चहा होऊन पिऊन झाला, वीसेक मिनिटं झाली असतील. दार उघडलं तर ४७. "काकू, मशीन खराब नाई झाली. तिचा दम घुटून राहिला. मागून गरम हवा फेकते, थेच पुढून परत ओढते." ज्याचं त्याला, दुसरं काय.

मग त्यानं एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं. त्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं. काहीच काम सुरू नसताना ६३. त्यानं डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, फुल स्कॅन लावला आणि आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. ७५, ८४, ९१, चार मिनिटांत ९९. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश. तिथं पोचला की तो आपणहून वेग कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर जळण्यापेक्षा बंद पडतो. म्हणजे माझा कॉम्प्युटर बंद पडत होता तो बिघडला म्हणून नव्हे, स्वतःचा जीव वाचवत होता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) त्यानं मला "कर्नल-पॉवर ४१" अशा नोंदींची रांग दाखवली, पण लगेच म्हणाला, ही नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता गेली. का गेली ते नाही सांगत. नेटवर लोक हाच नंबर बघून एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलत बसतात.

आता उघडण्याचं काम. प्लग काढला, पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेली वीज उतरते, आणि कॅबिनेट उचलून थेट अंगणात नेलं. बाजूचा पत्रा काढला आणि मला बोलावलं. प्रोसेसरवरच्या फॅनच्या खाली ॲल्युमिनियमचे बारीक पंख असतात, त्याला हीटसिंक म्हणतात. माझ्याकडे ते पंख दिसतच नव्हते. राखाडी रंगाची एक गादी होती तिथं. त्यानं चिमट्यानं तिचा कोपरा उचलला आणि ती अख्खी निघाली, जुन्या रजईतल्या कापसाच्या लादीसारखी. त्यात धूळ होती, कूलरच्या गवताचे तुकडे होते आणि खरोखरचा कापूसही होता. अकोल्यात राहायचं आणि घरात कापूस उडत येणार नाही असं होत नाही. कूलरच्या ओल्या हवेनं हे सगळं थापून घट्ट झालेलं. कोरडी धूळ फुंकरीनं उडते, ही उडणारी नव्हती.

त्यानं आधी रंगाच्या मऊ ब्रशनं ती सैल केली, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना फॅनच्या पात्यात एक बोट घालून तो धरून ठेवला. मी विचारलं, काहून? तर मोकळा सोडला की हवेनं भन्नाट फिरतो, बेअरिंग जातं आणि उलटी वीज तयार होऊन बोर्डाकडे जाऊ शकते. घरचा व्हॅक्युम क्लीनर लावू नका, त्याच्या नळीवर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, तयार होतं, हेही तेव्हाच कळलं. मी मागच्या वर्षी तेच केलं होतं. नशीब. एसएमपीएस मात्र त्यानं उघडला नाही, बाहेरून जाळीतूनच हवा मारली. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून असते, "थे माह्या बापानंही उघडलं नसतं," म्हणाला.

आणि मग खरी गोष्ट सापडली. इंटेलच्या सोबत येणारा गोल फॅन चार प्लास्टिकच्या पिनांवर मदरबोर्डला बसतो. पीन दाबली की टक् आवाज येतो आणि ती पलीकडून फाकते. माझ्या चारातल्या तीन बसलेल्या. चौथी, डाव्या खालच्या कोपऱ्यातली, नुसती भोकावर टेकलेली. म्हणजे हीटसिंक एका बाजूनं किंचित उचललेली, प्रोसेसरला पुरती टेकतच नव्हती. २०१९ पासून! ज्या दुकानानं असेंबल केलं त्याचं नाव काढून आता उपयोग नाही, पण सहा वर्षं मी लंगड्या खुर्चीवर बसल्यासारखं हे मशीन वापरत होते. थंडीत खपून गेलं, धूळ कमी होती तोवर खपून गेलं. धूळ, कप्पा आणि एप्रिल एकत्र आल्यावर उघडं पडलं.

पिना त्यानं बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवून सोडवल्या, हीटसिंक काढली. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, नखानं खरवडली तर भुगा. त्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून प्रोसेसरचा पत्रा आरशासारखा पुसला. मग नवी पेस्ट, मटकीच्या दाण्याएवढी, बरोबर मध्ये. मी म्हटलं एवढीशीच? तर म्हणाला, ही पेस्ट गार करत नाही, दोन पत्र्यांमधल्या न दिसणाऱ्या फटी भरते. जास्त लावली तर बाजूनं बाहेर येते आणि नुसती घाण होते. पिना फिरवून मूळ जागी, मग कर्णरेषेत दाबायच्या: एक, तिच्या समोरची, मग उरलेल्या दोन. चार वेळा टक् ऐकू आलं. चौथा टक् त्यानं मला दाबायला लावला. सांगायला हरकत नाही, मला भारी वाटलं.

इथवर सगळं ठीक. पण अंगणात त्या दिवशी मी काय वाळत घातलं होतं? कुरड्या. चार शेर गव्हाच्या. ब्लोअरचं तोंड कुठे होतं ते ना त्यानं पाहिलं ना मी. सहा वर्षांची धूळ आणि कापूस एका झोतात पाटावरच्या दोन धोतरांवर. सासूबाई बाहेर आल्या आणि जे बोलल्या ते इथं लिहिता येत नाही. पोरगा लाल झाला, पैसे कमी करतो म्हणाला. निम्म्या कुरड्या वाचल्या, वाळल्यावर झटकून. निम्म्या गाईला.

पुन्हा जोडणी झाल्यावर कॅबिनेट कप्प्यात गेलं नाही. त्यानं टेबलाच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर, माझ्या जुन्या पोळपाटाच्या स्टुलावर ठेवलं, मागे भिंतीपासून हातभर अंतर. कूलरचा झोत सरळ त्यावर येत होता तो वळवला. मी म्हटलं, अरे बाबा, गार हवाच तर आहे, येऊ दे की. तर तो म्हणाला, गार हवा खोलीला द्या, मशीनला खोलीतून मिळते. थेट झोतात थेंब येतात आणि धूळ चिकटते. शिवाय जूनच्या शेवटी हवा ओली झाली की कूलर तसाही गार करत नाही, फक्त ओलं करतो, हे तर विदर्भातल्या कोणालाही सांगायला नको.

बाजूचा पत्रा काढून समोर टेबल फॅन लावायची माझी जुनी युक्ती त्यानं उडवून लावली नाही, मोजून दाखवली. पत्रा लावून स्कॅनमध्ये ७५, पत्रा काढून ७२. "तीन डिग्रीसाठी पाली आत घ्यायच्या का?" मग पत्रा लागला.

हो, ७५. त्याच दुपारी, त्याच ३६ अंशांच्या खोलीत, तोच फुल स्कॅन. काही सुरू नसताना ४६. मी आकडा बघून म्हटलं, ४६ तरी जास्तच नाही का, नेटवर तर ३० ते ४० लिहिलंय. त्यावर त्यानं जे सांगितलं ते या अख्ख्या सर्व्हिसिंगमधलं सगळ्यात किमती वाक्य: "काकू, ते लिहिणाऱ्याच्या खोलीत वीस डिग्री असते. तुमच्या खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर गार कसा होईल? वजाबाकी करत जा." प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करायचा. ३६ च्या खोलीत ७५ म्हणजे फरक ३९. साफसफाईच्या आधी फरक ६३ होता, तोही मर्यादेला अडकला म्हणून, नाहीतर आणखी वर गेला असता.

तेव्हापासून ऑर्डरींच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तारीख, खोली, स्कॅन आणि फरक लिहिते. दर वेळी तोच फुल स्कॅन, सुरू करून पंधरा मिनिटांनी बघायचं. दिवाळीच्या आधी खोली २९, स्कॅन ६७, फरक ३८. जानेवारीत खोली २२, स्कॅन ६१, फरक ३९. नुसता ६१ बघून कोणी म्हणेल वा, केवढा गार! पण मशीन तितकंच स्वच्छ होतं, गार होती ती थंडी. यंदाच्या मार्चमध्ये खोली ३३, स्कॅन ७७, फरक ४४. म्हणजे पाचनं वाढला. पत्रा काढून बघितलं, पंखांवर साय धरावी तशी धूळ. ब्लोअर मारला, फरक परत ४० वर. फॅनचा वेग कमी-जास्त होतो म्हणून एक-दोन इकडेतिकडे होणारच, पण पाचनं वाढला की समजायचं.

आता सॉफ्टवेअरच्या बाजूचं काम, कारण निम्मी गंमत तिथं होती. दुपारी जेवून आल्यावरच कॉम्प्युटर का बंद पडायचा? विंडोज स्वतःची देखभाल स्वतः करतं: अपडेट, स्कॅन, ड्राइव्हची आवराआवर. त्याला ऑटोमॅटिक मेंटेनन्स म्हणतात आणि त्याची ठरलेली वेळ रात्री २ ची असते. रात्री २ ला माझा कॉम्प्युटर बंद, मीही झोपलेली. मग राहिलेलं काम विंडोज कधी उरकणार? दिवसा, कॉम्प्युटर चालू पण मोकळा बसलेला दिसला की. म्हणजे मी वरण-भात खायला उठले की हा कामाला लागायचा, नेमका अडीचच्या उन्हात. टास्क मॅनेजरमध्ये "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" नावानं दिसतो तो डिफेंडर, आणि "विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर" म्हणजे अपडेट बसवणारा. मी हे दोन व्हायरस समजत होते.

पोरानं यातलं काहीही बंद केलं नाही. बंद करून देणारे पुष्कळ भेटतात. आज गार वाटतं आणि सहा महिन्यांनी पेन ड्राइव्हमधून आलेलं काहीतरी सगळ्या पत्रिका खातं. यानं फक्त वेळ बदलली. कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्समध्ये जाऊन सकाळी ६. मी साडेपाचला उठते, चहा ठेवायच्या आधी कॉम्प्युटर सुरू करते आणि आठपर्यंत त्याला हात लावत नाही. फुल स्कॅन टास्क शेड्युलरमधून रविवारी सकाळी. स्कॅननं प्रोसेसर सरासरी किती टक्के वापरावा, याची मर्यादा डिफेंडरला सांगता येते. मुळात ती ५० असते, त्यानं पॉवरशेलमध्ये (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) एक ओळ लिहून ३० केली. स्कॅन जास्त वेळ चालतो, पण धापा टाकत नाही. मर्यादा काटेकोर नाही, अधूनमधून वर जातो, हेही त्यानंच सांगितलं. ही मर्यादा ठरलेल्या वेळी आपोआप लागणाऱ्या स्कॅनसाठी असते, हाताने लावलेल्या स्कॅनला ती मुळात लागत नाही. वहीतले स्कॅन हाताने लावलेले आहेत.

क्लीनर सॉफ्टवेअर काढून टाकलं. "कचरा फायलीनं मशीन गरम नाई होत काकू, जागा जाते फक्त." एसएसडीला डीफ्रॅगमेंट लागत नाही, विंडोज तिला आपणहून ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवतं. उलट रोज उगाच लिहून-पुसून तिचं आयुष्य कमी होतं. हार्ड डिस्कची आवराआवर आठवड्याला होते तेवढी पुरे.

शेवटची युक्ती फक्त उन्हाळ्यासाठी. पॉवर ऑप्शन्समध्ये "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" १०० चं ९९ केलं. एका टक्क्यानं काय होणार, मी हसले. पण ९९ वर टर्बो, म्हणजे काम पडलं की वेग वाढवायची सोय, बंद होतो, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत उड्या मारणारा प्रोसेसर २.९ वर शांतपणे चालतो. पत्रिका टाइप करताना काडीचा फरक पडत नाही. पन्नास पानी अहवालाची पीडीएफ करताना पडतो, तेवढ्यात मी कुकर लावून येते. एप्रिल ते जून ९९, मृग बरसला की परत १००.

दिवाळीची फेरी थोडक्यात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून त्यानं ११ टाकून दिलं. प्रोसेसर नवव्या पिढीचा असल्यानं चालला, फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम, ही सुरक्षेची सोय, सुरू करावी लागली. बॅकअप आधी घेतला. अपग्रेडनंतर दोन दिवस कॉम्प्युटर आतल्या आत काहीतरी उलाढाल करत होता आणि फॅन बोलत होता, पण ऑक्टोबरात परवडलं. हेच काम मेमध्ये करू नका म्हणतो तो, आणि मला पटतं.

आता तक्रारी. वेळ पाळत नाही: पहिल्यांदा दोन दिवस उशीर, दिवाळीला एक. फोन उचलतो, एवढं चांगलं. एप्रिलच्या फेरीत उघडण्याआधी त्यानं बॅकअपबद्दल विचारलंच नाही. माझा होता म्हणून ठीक, पण विचारायला हवं होतं. पक्कं बिल देत नाही, व्हॉट्सॲपवर काय केलं त्याची यादी पाठवतो. आणि कुरड्या. म्हणून पाचात चार.

पैसे: घरी येऊन साफसफाई आणि पेस्ट मिळून ५००, सेटिंगचं काम २००. घड्याळ सारखं मागे जायचं म्हणून मदरबोर्डवरचा बटण सेल बदलला, त्याचे ५०. कुरड्यांपायी १०० कमी केले त्यानं, मी घेतले. सासूबाईंनी ते मला देवघरात ठेवायला लावले. एसीवाल्या दुकानानं क्लीनरचे याहून जास्त घेतले होते.

पेस्टबद्दल लोक विचारतात म्हणून: त्यानं आर्क्टिकची एमएक्स-४ वापरली. तिच्यात धातू नसतो, ती वीज वाहत नाही, म्हणून चुकून बोर्डावर लागली तरी शॉर्टची भीती नाही. पाऊचमध्ये मिळणारी स्वस्त पांढरी पेस्टही घरगुती मशीनला चालते, पण ती लवकर वाळते असं तो म्हणतो. मला दोन्हीतला फरक मोजता आलेला नाही, माझ्या मते चौथी पीन पेस्टपेक्षा मोठी होती. ब्लोअर मी स्वतःचा घेतला, हातात धरायचा, विजेवर चालणारा, साधा. दर तीन महिन्यांनी पत्रा काढून, फॅनमध्ये बोट घालून, हातभर अंतरावरून मारते. पिनांना हात लावत नाही. तेवढी हिंमत अजून नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये पेस्ट बघायला त्याला बोलावलं. खोली ३७, स्कॅन ७७, फरक ४०, त्यानं वही बघितली आणि पेस्ट आणखी एक वर्ष जाईल म्हणाला, पैसे फक्त फेरीचे घेतले. यायच्या आधी फोन केला होता. "काकू, निघू का? कुरड्या आत घेतल्या काय?"